हेजिटेट म्हणजे नुसता संकोच नाही

नमस्कार सर, इंग्रजी 'हेजिटेट' (hesitate) चे मराठी अर्थ दिलेल्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की हेजिटेट म्हणजे सरळ 'संकोच करणे', डिक्शनरीत तेच दिलंय, आणि मी कचरणे, थबकणे, घुटमळणे असे शब्द देऊन पोरांना उगाच गोंधळात टाकतोय. एका जागी तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. 'डोन्ट हेजिटेट टू कॉल' ला मी 'कचरू नका' लिहिलं ते कानाला खटकतं, तिथे 'फोन करायला संकोच करू नका' हेच हवं.

पण बाकीचं पटत नाही. संकोच माणसांपुढे येतो. पाहुण्यांच्या घरी सोलकढीची आणखी एक वाटी मागायला संकोच वाटतो, स्वतःच्या घरात वाटत नाही. हेजिटेट करायला समोर कोणी लागतच नाही. पावसात रात्री एकटा घरी चाललोय, साकवावरून पाणी जातंय, मी एक पाय उचलला आणि तसाच थांबलो, तर 'आय हेजिटेटेड'. इथे 'मी संकोच केला' म्हणालो तर कोणाचा?

मुळात शब्द लॅटिन. हाएरेरे म्हणजे चिकटणे, त्यावरून हाएसितारे, म्हणजे अडकून राहणे, अडखळणे. चिकटपट्टीवर लिहिलेलं अ‍ॅडहेसिव्ह त्याच घरातलं. हे कळलं तेव्हा मला आमची खाडी दिसली. ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला उतरलं की कडेच्या चिखलात पोटरीपर्यंत पाय जातो, ओढावा तर सुटत नाही, जोर केला तर दुसरा आणखी रुततो, मग माणूस हातातली टोपली सावरत नुसता उभा राहतो, पुढचं पाऊल कुठे टाकू ते बघत. शब्दाच्या पोटात ही अवस्था आहे, लाज नाही.

आणि हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही हो. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगाच्या आरोग्यापुढच्या दहा धोक्यांत 'व्हॅक्सिन हेजिटन्सी' धरली, म्हणजे लस मिळत असूनही घ्यायला मागेपुढे करणं किंवा नकोच म्हणणं. एप्रिल २०२१ मध्ये शेजारची काकी आरोग्य केंद्राच्या पायरीपर्यंत येऊन परत फिरली, "आज नको रे, पुढच्या खेपेला बघू." संकोच कसला, आतला सगळा स्टाफ तिच्या ओळखीचा. ताप येऊन अंथरूण धरलं तर आंब्याच्या पेट्या कोण भरणार, हा तिचा घोर होता. तिथे 'संकोच' लिहिलं की ती लाजाळू ठरते आणि तिची खरी अडचण कोणी विचारतच नाही.

हेजिटंट आणि रिलक्टंट एकच, असंही तुम्ही लिहिलंय. जवळचे आहेत, एक नाहीत. हेजिटंट माणसाचं अजून ठरत नाहीये, रिलक्टंटला मनातून नकोच आहे. जमिनीच्या कागदावर पेन टेकवून दोन मिनिटं थांबला आणि मग सही केली, तो हेजिटेट झाला. भावांनी गळ घातली म्हणून नाइलाजाने केली, ती रिलक्टंटली.

'विदाउट हेजिटेशन' चं पोरं 'निःसंकोचपणे' करतात त्याचं मला खरंच वाईट वाटतं. बुडणाऱ्याला काढायला होडीवरून उडी घेणारा निःसंकोचपणे उडी घेत नाही, क्षणाचाही विचार न करता घेतो.

फोनचं वाक्य आज रात्री दुरुस्त करतो. कचरणे, थबकणे, घुटमळणे मात्र तिथेच राहतील.