खंबीर सेनापती म्हणे!

सकाळी टीव्हीवर युक्रेनची चर्चा चालली होती. एक तज्ज्ञ म्हणाले, "सेनापती खंबीर असला की जवान महिनोन्महिने खंदकात टिकतो." टीव्ही बंद केला. डोकंच फिरलं.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या मराठा पलटणीतून इराकात बसऱ्याला गेले आणि पुढे कूत-अल-अमारा गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकले. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. जानेवारीत तिग्रीस नदीला पूर आला, पुढचे खंदक पाण्याखाली गेले. शिधा आटत गेला, मग घोडे कापायला लागले. आपल्या शिपायांना ते चालेना. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी आणवली, तरी कित्येक जण हात लावीनात. हिरड्या सुजल्या, माणसं वाळली. पणजोबांनी शेवटी खाल्लं. गावात सांगितलं, "जवाच्या भाकरीवर काढले दिवस." खरं काय ते फक्त पणजीला ठाऊक.

आणि कूतमध्ये अडकलेल्या फौजेचा तो खंबीर सेनापती, इंग्रज जनरल टाउनशेंड? जानेवारीत त्याने वर कळवलं की शिधा थोडेच दिवस पुरेल. झालं! सोडवायला येणारी फौज अर्ध्या तयारीनिशी पुढे रेटली गेली. 21 जानेवारीला कूतच्या वाटेवर हन्नाला चिखल तुडवत माणसं उघड्यावरून तुर्की खंदकांवर चालून गेली. जखमी रात्रभर पावसात, गारठ्यात तसेच पडून. मग कूत गावात झडती घेतली तर धान्य निघालं, ते पुरलं एप्रिलपर्यंत! अरे, आधी मोजायला काय झालं होतं? आमची पणजी कणगीवर थाप मारून जोंधळे किती उरलेत ते सांगायची म्हणे.

वेढ्याआधी बगदादवर चालून जायला त्याची स्वतःची तयारी नव्हती, हुकूम वरून आला, हे मान्य. पण पुढे? सुमारे 13,000 जण शरण गेले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं, त्यात आणि कैदेत हजारो मेले. साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात. कैदेत असतानाच 'सर' झाले.

पणजोबा जगून परतले. पण गावजेवणात पंगतीच्या टोकाला बसायचे. कधी कळलंच आणि कुणी उठवलं तर? घोड्याची गोष्ट पणजीने आजीला सांगितली, तीही ते गेल्यावर.

आजी सांगते, टाउनशेंडबद्दल त्यांच्या तोंडून वाईट शब्द कधी आला नाही. "साहेब चांगला होता," म्हणायचे. इथेच माझं टाळकं सटकतं. ते शिपाई होते, साहेबाला जाब विचारायची त्यांची प्राज्ञा नव्हती. मी कुणाचा शिपाई नाही. मी विचारणार.