पॅरिसचा किलो घटला म्हणून वाण्याचा किलो खोटा?

एक मजकूर वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. थोडक्यात असा: पॅरिसमधल्या मूळ किलोचं वजन घटलं, म्हणजे सगळं जग शंभर वर्षं खोट्या मापानं तोलत होतं, नाहीतरी तो 'प्रोटोटाइप' म्हणजे कच्चा नमुनाच, शेवटी शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये गुपचूप किलोच बदलला. यात तारीख तेवढी बरोबर आहे.

आधी 'घटलं'चं बघू. पॅरिसजवळ सेव्र इथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल आहे, उंची 39 मिलिमीटर आणि व्यासही तेवढाच. काचेच्या तीन झाकणांखाली ठेवलेला. 1889 पासून किलोची व्याख्या एकच होती: या तुकड्याचं वस्तुमान. वेगवेगळ्या देशांना त्याच्या प्रती दिल्या होत्या. 1990 च्या आसपास प्रती परत आणून, ठरलेल्या पद्धतीनं पुसून, वाफेनं धुऊन मुळाशी ताडून पाहिल्या, तेव्हा शतकभरात बहुतेक प्रती मुळापेक्षा सरासरी 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास जड झाल्याचं दिसलं. मोजला गेला तो फरक. मूळ हलकं झालं, प्रती जड झाल्या, की दोन्हीकडे थोडंथोडं झालं, हे कुणाला सांगता येईना. व्याख्येप्रमाणे मूळ तर एक किलोच! खरी अडचण हीच होती, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नाही.

'सगळं जग खोट्या मापानं' या वाक्यावर फार वेळ घालवायला नको. 50 मायक्रोग्रॅम म्हणजे किलोच्या दहा कोटी भागांपैकी पाच. बाजारी वजनांच्या आंतरराष्ट्रीय निकषांत एम-1 वर्गाच्या एक किलोच्या वजनाला 50 मिलिग्रॅमपर्यंतची चूक चालते, म्हणजे त्याच्या हजारपट. सोनं ग्रॅमला दहा हजार रुपये धरलं, तर किलोभर सोन्यात फरक पडतो पन्नास पैशांचा. वाणी मापात मारत असेल तर त्याचा दोष सेव्रच्या माथी मारू नका.

आता 'कच्चा नमुना'. स्टार्टअपवाल्यांच्या तोंडी प्रोटोटाइप म्हणजे चुका सापडाव्यात म्हणून घाईनं जुळवलेलं यंत्र, हे खरं. पण सेव्रच्या तुकड्याला तो शब्द लावला तो मूळ प्रमाण या अर्थानं, टूलरूममध्ये 'मास्टर' म्हणतात त्या जातीचा. त्याची चाचणी घ्यायची नसते, इतरांची त्याच्यावरून घ्यायची असते. आणि हा अर्थ फ्रान्समध्येच राहिला असंही नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 126 काढून बघा: वाहनाचा प्रोटोटाइप पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीई अशा संस्थांकडे तपासणीला द्यावा लागतो. तो पास झाला की कारखान्यातून निघणारी पुढची प्रत्येक गाडी त्याच्याबरहुकूम असायला हवी. पुण्यात एआरएआयजवळच्या वेताळ टेकडीच्या बाजूला काळे-पांढरे पट्टे चिकटवलेली गाडी दिसली की आपण 'नवीन मॉडेलचं टेस्टिंग' म्हणतो. कंपनी त्या गाडीलाही प्रोटोटाइपच म्हणते, फक्त तिथे तिच्यात खोट शोधायची असते आणि नियमाच्या कागदावर तीच इतरांचं माप होते. संदर्भ न बघता एक अर्थ दुसऱ्याच्या गळ्यात बांधला की असले फॉरवर्ड तयार होतात.

राहिलं 'गुपचूप बदलला'. मतदान 16 नोव्हेंबर 2018 ला व्हर्सायमध्ये झालं, त्याचं थेट प्रक्षेपणही झालं. बदल लागू झाला 20 मे 2019 ला. बदलली ती व्याख्या. प्लांकचा स्थिरांक हा भौतिकशास्त्रातला कधीच न बदलणारा एक मूलभूत आकडा, त्याची किंमत 6.62607015 × 10⁻³⁴ जूल-सेकंद अशी कायमची बांधली, आणि आता किबल तराजूसारख्या (वजन विजेच्या जोराशी तोलणाऱ्या) उपकरणांनी तिच्यावरून किलोपर्यंत पोचता येतं. आकडा निवडताना काळजी हीच घेतली की नवा किलो जुन्याला जुळावा, त्यामुळे घरातला डाळीचा डबा होता तेवढाच भरतो. मीटरची धातूची पट्टी तर 1960 मध्येच निवृत्त झाली होती. तेव्हा फॉरवर्ड नव्हते, म्हणून बोंब झाली नाही.

आणि तो दंडगोल फेकूनही दिलेला नाही. तो सेव्रलाच आहे, त्याची 57 क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. फक्त मुळाचा मान गेला: आता त्याचंही वस्तुमान मोजावं लागतं, आणि व्याख्या बदलली त्या दिवशी ते एक किलो, पण 10 मायक्रोग्रॅम इकडेतिकडे, असं धरलं गेलं.