फोंड्यातल्या आमच्या फार्मसीला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार ताई,

नेहमीची कॅल्शियमची गोळी मागितली तर ती न देता महागडी गळ्यात मारली आणि वर भाषण दिलं, असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंत. वजन कमी करायला जठराचं बायपास ऑपरेशन झाल्याचं तुम्हीच लिहिलंय म्हणून इथे बोलतोय, एरवी गिऱ्हाईकाचं दुखणं आम्ही चारचौघांत काढत नाही.

काउंटरवर मीच होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कॅल्शियम सायट्रेट होतं आणि तुम्ही आणलेल्या रिकाम्या स्ट्रिपच्या मागे, बारीक अक्षरांत, कॅल्शियम कार्बोनेट. कार्बोनेट अंगी लागायला पोटातलं आम्ल लागतं. बायपासनंतर जठराची जी छोटी पिशवी उरते, तिच्यात ते फार कमी तयार होतं. सायट्रेटचं तसं अडत नाही. चिठ्ठीवरचं औषध परस्पर बदलायचा मला अधिकार नाही, आणि असता तरी हे बदललं नसतं. महाग पडतं हे मात्र खरं. कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये २१. त्यामुळे दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम भरायला गोळ्या जास्त लागतात.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलंय, मग कशाला, असं तुम्ही विचारलंत. कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून रक्तात आणतं, म्हणून तो आकडा बराच काळ चांगलाच दिसतो. डॉक्टर सोबत डी जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉईडची (हाडांतून कॅल्शियम काढायला लावणाऱ्या संप्रेरकाची) तपासणी लिहितात ती यासाठीच.

आता भाषण. सकाळी चहा-पावाबरोबर लोहाची गोळी आणि लगेच कॅल्शियम, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी थांबवलं. चहाही लोह अडवतो, कॅल्शियमही अडवतं. दोन्ही गोळ्यांत निदान दोन तास जाऊ द्या. लोह सर्वांत जास्त जिथे शोषलं जातं, तो आतड्याचा सुरुवातीचा भागच ऑपरेशनमध्ये अन्नाच्या वाटेतून बाजूला काढलेला असतो. मागे रांग होती तरी सांगितलं, पुन्हाही सांगेन.

पण रिव्ह्यूच्या शेवटी, ‘पायाला मुंग्या येतात तरी’ असं तुम्ही लिहिलंय, त्याने मला जास्त काळजी वाटली. ती बी-१२ ची किंवा बी-१ ची कमतरता असू शकते, आणि नसांना झालेली इजा दरवेळी भरून येतेच असं नाही. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ ची कमतरता झाकली जाते. याच आठवड्यात तुमच्या सर्जनना दाखवा. उलट्याही होत असतील तर आजच जा.