साधे पाणी मागणाऱ्या सभ्य गिऱ्हाइकासाठी काही सूचना

कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला येणाऱ्यांनी मासे कुठे आणि कोणते खावेत, याविषयी आजवर भरपूर लिहून झाले आहे. परंतु ते मासे खाताना तहान लागली तर काय करावे, या नाजूक विषयाकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खानावळींत आलेल्या अनुभवाच्या जोरावर या सूचना करीत आहे. त्या पाळल्यास आपली गणना सभ्य गिऱ्हाइकांत होईल, निदान आपण पाणी मागताच वेटर गल्ल्याकडे पाहून डोळे फिरवणार नाही.

खुर्चीवर टेकताक्षणी पाणी मागणे हा उतावीळपणा समजला जातो. आधी मेनूकार्ड उघडावे, सुरमई थाळीचा भाव वाचताना चेहरा शक्य तितका स्थिर ठेवावा, ऑर्डर द्यावी आणि ती पुरेशी मोठी आहे अशी खात्री पटल्यावरच पाण्याचा विषय काढावा. नुसती भाजी-भाकरी मागवणाऱ्याने तहान घरीच भागवून यावे.

टेबलावर आपल्या आधीच एक बाटली येऊन बसलेली असते. तिला हात लावू नये, तिच्याकडे फार वेळ पाहूही नये आणि लहान मुलांना तिच्यापासून लांबच बसवावे, कारण झाकण एकदा 'कट्' वाजले की सौदा पक्का झाला असे मानतात. पुष्कळदा आपण 'नको' म्हणायला तोंड उघडेपर्यंत वेटरच झाकण पिरगाळून मोकळा होतो. अशा वेळी त्याच्या तत्परतेबद्दल त्याचे आभार मानावेत.

'रेग्युलर की मिनरल?' हा प्रश्न आसपासच्या चार टेबलांना ऐकू जाईल अशाच आवाजात विचारण्याची पद्धत आहे. त्याला 'रेग्युलर' असे उत्तर द्यायचा आपला निश्चय असेल, तर डॉक्टरांनी बाटलीचे पाणी वर्ज्य केले आहे असे काहीतरी कारण जोडावे. बिनकारण साधे पाणी पिणारा माणूस संशयास्पद वाटतो.

दुसऱ्यांदा पाणी मागू नये.

कायद्याची भाषा तर अजिबात करू नये. इंग्रजांच्या काळापासून प्रत्येक हॉटेलात पाणी फुकट मिळण्याचा हक्क आहे, असा मोबाइलवर फिरणारा मजकूर मालकाला वाचून दाखवायचा मोह आपल्याला होईल. तो मजकूर ज्या १८६७ च्या सराई कायद्यावर बेतलेला आहे, त्यात फुकट पेल्याचे वचन नाही. सराईत उतरणारी माणसे आणि जनावरे ज्या विहिरींचे आणि टाक्यांचे पाणी वापरतात त्या सराईवाल्याने साफ ठेवाव्यात, असे मात्र आहे. त्या काळी सरकारला प्रवाशाच्या बैलाच्या पाण्याचीसुद्धा चिंता होती, हे वाचून मनातल्या मनात त्या बैलाचा हेवा करावा आणि गप्प राहावे. बाटलीवर छापलेल्या २० रुपयांकडे बोट दाखवूनही उपयोग नाही. हॉटेलात बाटली देणे म्हणजे नुसती वस्तू विकणे नव्हे, तिच्याबरोबर सेवाही येते, म्हणून तिथे छापील किमतीपेक्षा अधिक घेता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिलेला आहे. तेव्हा २० ची बाटली ४० ला निमूट घ्यावी आणि त्या ४० वर, छापील किमतीत कर आधीच धरलेला असतानाही, बिलात पुन्हा पाच टक्के जीएसटी भरावा. (सेवा म्हणजे प्लास्टिकची खुर्ची आणि डोक्यावर गरगरणारा, पण वारा न देणारा पंखा.) रेल्वेच्या फलाटावर लिटरभर रेल नीर सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना मिळते, ही माहिती जेवताना आठवू नये, घास घशाखाली उतरत नाही.

रिकाम्या बाटलीचे काय करावे याचे मार्गदर्शन भरतीच्या रेषेवर ठिकठिकाणी पडलेले आढळेल.

साधे पाणी मिळालेच तर त्याच्या चवीविषयी आणि वासाविषयी अवाक्षर काढू नये, अशी यापुढची सूचना मी लिहिणार होतो. परंतु गेल्या महिन्यात तारकर्लीच्या वाटेवरच्या एका खानावळीत जे घडले, त्यानंतर ती लिहिणे मला जमेनासे झाले आहे. माझी आई ऐंशीच्या घरातली. जेवणाआधी रक्तदाबाची गोळी घ्यायची म्हणून ती गोळी तळहातावर धरून बसली होती, आणि मी एक पेला साधे पाणी मागितले. पोऱ्या आत गेला तो पाणी न आणता मालकालाच घेऊन बाहेर आला. मालक अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "बोअरचा पाणी खारट लागता ओ, गिऱ्हाइकांक देत नाय आमी. पोट बिघडला तर नाव आमचा जाता." आता इतक्या आपुलकीने बोलणाऱ्या माणसाला काय म्हणावे? बाटली आली. ती मासे ठेवतात त्याच डीप फ्रीजमधून आली असावी, कारण तिच्या बुडाला एक खवला चिकटलेला होता. आईने तो पदराने पुसला, दात शिवशिवतील इतक्या गार पाण्याने गोळी गिळली आणि पुढचा घोट घेतलाच नाही.

आणि मग सोलकढी आली. न मागता आली, पेला रिकामा होताच पुन्हा आली, कारण दारातल्या फळ्यावर खडूने 'सोलकढी अनलिमिटेड' असे मोठ्या अभिमानाने लिहिलेले होते. सोलकढी कशी करतात हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको: आमसुले पाण्यात भिजत घालतात, खोबरे पाणी घालून वाटून त्याचा रस पिळून काढतात, लसूण-मिरची लावतात आणि ती चुलीवर न चढवता तशीच वाढतात. म्हणजे जे पाणी पेल्यात दिले तर माझ्या आईचे पोट बिघडणार होते, तेच पाणी आमसुलाचा गुलाबी रंग लेऊन, एकदाही उकळी न पाहता, तिच्याच ताटाशेजारी हवे तितके हजर होते. का मालक सोलकढीसाठी चाळीस-चाळीसच्या बाटल्या फोडतात? मी ती सोलकढी मुद्दाम घोळवून घोळवून प्यायलो. ती खारट नव्हती.

गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी चौदा आकडी क्रमांकाचा अन्नसुरक्षा परवाना टांगलेला होता. तो ज्या २०११ च्या नियमांखाली मिळतो, त्यांत स्वयंपाकाला पिण्याजोगेच पाणी वापरण्याचे बंधन आहे. मग दोनच गोष्टी संभवतात: एक तर आतल्या चुलीवर सगळा स्वयंपाक न पिण्याजोग्या पाण्यात चालला आहे, नाही तर बाहेर गल्ल्यावर बसलेला गृहस्थ धडधडीत खोटे बोलत आहे. तिसरी शक्यता कोणाला सुचत असेल तर ती मला ऐकायची आहे.

आम्ही इथेच वाढलेली माणसे आहोत, त्यामुळे पाण्याची अडचण आम्हाला कोणी शिकवू नये. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जांभ्यातून झिरपून आणि उतारावरून धावत समुद्राला मिळतो, आणि एप्रिल-मे उजाडला की वाड्यावाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात हेही खरे आहे. एखादा मालक म्हणाला असता, "टँकरचे पाणी आहे, जपून वापरा," तर आम्ही अर्ध्या पेल्यावर भागवले असते आणि त्याला दुवा दिला असता. पण हे महाशय मागच्या अंगणात, आमच्या डोळ्यांदेखत, जाड पाइप लावून मुंबईकरांच्या गाड्यांच्या चाकांवरची वाळू धूत होते.

तेव्हा सूचना पुरे झाल्या. मालकहो, टँकर परवडत नसेल तर थाळीमागे पाच रुपये वाढवा, तसे लिहून लावा, कोणी कुरकुर करणार नाही. नळाला चांगला फिल्टर बसवा. एका हंगामात बाटल्यांवर कमावता त्यातून तो सहज निघेल. पण गोळी हातात घेऊन बसलेल्या बाईला पोटाची भीती घालून बाटली खपवू नका, ते लाजिरवाणे आहे. आणि शेजारच्या टेबलावरून हा सगळा प्रकार पाहून, मान खाली घालून बाटलीचे झाकण फिरवणाऱ्या मंडळींनो, तुम्ही एकाने जरी त्या वेळी "आम्हालाही साधेच द्या" असे म्हटले असते, तर त्या पोऱ्याला आत जाऊन तांब्या भरून आणावाच लागला असता. मालकहो, पाणी खरोखर खारट असेल तर फळ्यावरची ती सोलकढीची ओळ आजच्या आज पुसा. आणि नसेल, तर पेलाभर पाणी द्यायला तुमच्या बापाचे काय जाते?