एकच सेट? त्याआधीचे कुठे गेले?

कमी सेट (सलग केलेल्या रेप्सचा, म्हणजे आवर्तनांचा, एक गट) मारण्याबद्दलच्या लेखात बॉडीबिल्डर डोरियन येट्सविषयी एक वाक्य आहे: 'डोरियन येट्स प्रत्येक व्यायामाचा एकच सेट मारायचा'. ते अर्धवट आहे. त्याआधी तो वजन वाढवत वॉर्मअपचे सेट करायचा, मोजायचा मात्र शेवटचा. शिवाय एकेका स्नायूसाठी व्यायाम अनेक. १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया (बॉडीबिल्डिंगमधला सर्वात मोठा किताब) झाला हे खरंच, पण १९९४ मध्ये बायसेप्स आणि १९९७ मध्ये ट्रायसेप्स फाटला, तेही लिहायला हवं होतं.

आमच्या जिममधली पोरं असलं वाचून थेट जड बारला हात घालतात आणि अजून दोन-तीन रेप्स निघत असताना 'फेल्युअर आलं', म्हणजे आता एकही रेप निघणार नाही, असं म्हणून उठतात. मग कमी सेटचा उपयोग काय? आणि स्पॉटर (वजन अडकलं तर हात लावणारा साथीदार) नसेल तर बेंच प्रेसवर फेल्युअरपर्यंत जाणं नकोच, मशीनवर करा. नोकरीमुळे मीही कमीच सेट मारतो. पाय मात्र त्यावर वाढत नाहीत बुवा!