दात येताना हिरड्यांना मध चोळू नका
‘बाळाच्या हिरड्यांना मध चोळा, ठणका थांबतो’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. कृपया तसं करू नका. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, श्वासही अडकू शकतो. मध घरचा असो, उकळलेला असो, धोका टळत नाही. आजीने मायेने चाटवलेलं बोटही नको.

बेन्झोकेनचं बधिर करणारं जेलही दोन वर्षांखाली टाळा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे. त्यापेक्षा धुतलेल्या बोटाने हिरड्या हलक्या चोळा, फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं, स्वच्छ फडकं चावायला द्या. आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर तो दातांचा समजू नका, डॉक्टरांना दाखवा.