बुरशीसकट

"लोणच्याला बुरशी आली तर आपण बरणी ओतून देतो. तू बुरशी आलेली वस्तू पैसे देऊन आणलीस?" खोका उघडल्या उघडल्या आईनं निकाल दिला.

विकणारा 'मिंट कंडिशन' म्हणाला होता. कॅमेऱ्याची जुनी जपानी 70-210 मिमी झूम लेन्स, स्क्रू माउंटची, म्हणजे आटे फिरवून बसवायची, हातात वरवंट्यासारखी. मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर आतल्या भिंगावर कोळिष्टकं! ही बुरशी नुसती बसून राहत नाही, तिचं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. हे आईला सांगायला नको होतं. विषय बदलावा म्हणून मी इतिहासात शिरलो: 35 मिमी स्टिल कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स 1959 ची, फोक्टलेंडर या जर्मन कंपनीची झूमार.

"मग तीच घ्यायचीस."

साताऱ्याच्या पावसात कपाटातल्या चपलासुद्धा हिरव्या होतात. लेन्स हवाबंद डब्यात, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल. निळे खडे चार दिवसांत गुलाबी, की चालले जुन्या तव्यावर सुकायला. घरातली उरलेली माणसं दमट हवेतच राहत होती.

सप्टेंबरात कासला नेली. तिथली फुलं टीचभर आणि ही बया दीड मीटरच्या अलीकडचं काही बघायलाच तयार नाही. येताना यवतेश्वर घाटातून खाली शहरावर रोखली, तर झूमची नळी आपली आपणच घसरली. आता तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. सुंदर दिसत नाही. पण पन्नाशीत कोण दिसतं?

उन्हानं बुरशीची वाढ रोखली जाते, हे मी ऑक्टोबरात जेवताना बोललो. दुसऱ्या दिवशी आईनं गच्चीवर गोधड्या वाळत टाकल्या, त्यातल्या एकीवर चुंबळ, चुंबळीवर लेन्स. तोंड सूर्याकडे, दोन्ही झाकणं काढलेली. "आत ऊन जायला नको?"

अजिंक्यताऱ्याचा फोटो काढून मी फोकस अनंतावरच, म्हणजे पार लांबच्या वस्तूंवर, सोडला होता. चुंबळीची उंची साडेचार सेंटिमीटर. कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे जितक्या अंतरावर फिल्म असते, बरोब्बर तिथं गोधडी!

धुराच्या वासानं धावलो. आजीच्या नऊवारीच्या पट्टीत मसुराएवढं भोक, कडा रेखीव. या लेन्समधून इतकं शार्प काही मला आजवर जमलं नव्हतं.

आईनं भोकातून बोट घालून पाहिलं.

"बुरशी गेली का बघ आधी."